ठिपक्या घेवड्याचं बी

आबांच्या तोंडात कवळी बसली ती ऐन घेवड्याच्या काढणीत, आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला. तसं पाहिलं तर दात ही काही सांगत बसण्याची गोष्ट नव्हे. पण आबांचे दात साधे नव्हते. चाळीस वर्षं त्या घरचं बियाणं त्या दातांनी पारखलेलं होतं. शेंगा वाळल्या, झोडपल्या, पाखडल्या, दाणे चटईवर पसरले की आबा ढिगात कोपरापर्यंत हात घालायचे, तळातला एक दाणा काढायचे आणि दाढेखाली धरून दाबायचे. दाणा कट्‌कन दुभंगला तर वाळला. दाताचा वण उमटला तर अजून ओला. मग ते म्हणायचे, "भरा," नाहीतर म्हणायचे, "पसरा." त्यावर घरात कोणी अवाक्षर काढत नसे.

त्या काढणीला त्यांनी दाणा नव्या दाढेखाली धरला, दाबला, आणि टक् असा आवाज आला. दुसरा घेतला, टक्. तिसरा, टक्. त्या कवळीखाली कणकेचा गोळा धरला असता तरी ती टक्‌च म्हणाली असती. आवाज दातांचा होता, दाण्याचा नव्हे. हिरडीतून, जबड्याच्या हाडातून जे काही कळायचं, त्यातलं काहीही कळेना. समोर मुलगा पत्र्याचे डबे घेऊन उभा, सून चाळण घेऊन उभी, आभाळ चार दिवस गच्च कोंदलेलं. माझ्या तोंडाला काही समजेनासं झालंय, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. आबांनी तो दाणा थुंकला आणि म्हणाले, "भरा."

दोन डबे भरले, झाकणं लागली, कडेनं ओली माती लिंपून झाली.

आता पेरणी पंधरा दिवसांवर आली होती. वाफे तयार होते. मुलगा शेतात औताच्या मागं उन्हानं काळा पडला होता. एका सकाळी माजघरात कोणी नाही असं बघून आबांनी पहिल्या डब्याची माती खुरप्यानं खरवडली आणि झाकण उचललं. आतून वास आला. फार नाही, जरासाच. ओलं पोतं घडी घालून विसरावं आणि चार दिवसांनी उघडावं, तसा. आबांनी आत हात घातला. दाणे दिसायला तसेच होते, पांढऱ्या अंगावर तांबडे ठिपके, तुळतुळीत. पण हाताला थोडे गार लागले. त्यांनी झाकण परत लावलं आणि त्यावर बसून राहिले.

हा घेवडा दुसऱ्या कोणाकडे उरलेला नव्हता, खरी मेख ती होती. लोक केव्हाच दुकानातल्या पुडीच्या बियाण्याकडे वळले होते. ठिपक्या आबांच्या आईनं राखलेला, तिच्यानंतर आबांनी राखला. दरसाल पेरायचा, दरसाल त्यातला उत्तम काढून डब्यात भरायचा, एवढ्याच आधारावर तो जिवंत होता. गेल्या साली पुडीचं बियाणं वाया गेलं, तेव्हा सुताराला आणि आणखी तीनचार घरांना आबांची आठवण झाली. "यंदा तुमचाच ठिपक्या लावू आबा," असं सगळे सांगून गेले होते. आणि आबा बसले होते त्या डब्यावर. आतलं बी मेलं असेल तर ते गावातून नाही, जगातूनच गेलं. कोणाच्या हातून, तर त्यांच्या.

सून दुपारी आली. घराच्या पुढच्या मोठ्या खोलीत ती बालवाडी चालवायची. तिनं नेहमीप्रमाणे विचारलं, "आबा, मूठभर घेवडा द्याल? पोरांना बी कसं उगवतं ते दाखवायचंय."

दरसाल आबांचं उत्तर ठरलेलं असे, की बियाणं हा खेळ नव्हे, स्वयंपाकघरातला ने. या खेपेला ते म्हणाले, "किती पोरं आहेत तुझी?"

"वीस."

"एकेकाला पाच दे. शंभर होतील."

सून बघतच राहिली. आबा उठले, दुसराही डबा उघडला, दोन्ही डब्यांतून वरचे, मधले आणि तळातले असे दाणे काढले, दोनदा मोजले आणि तिच्या पदरात घातले.

"आबा, पोरांना कुठलेही चालतील हो. एवढे निवडून कशाला?"

"असू दे," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नातीला बालवाडीत सोडायला ते स्वतः निघाले. आता बालवाडी घरातच, ओलांडायचा तो एक उंबरा. नातीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. तिनं आजोबांकडे वर बघितलं. "मला येतं की जाता."

"मला येत नाही," आबा म्हणाले आणि तिचं बोट धरून आत गेले.

आत वीस पोरं मांडी घालून बसली होती. सुनेनं वीस काचेचे पेले जमवले होते, कोणाचा कानाचा, कोणाचा टवका उडालेला. पोरांना अक्षरं येत नव्हती, म्हणून प्रत्येक पेल्यावर एक चित्र चिकटवलेलं: सूर्य, छत्री, किल्ली, मासा. मासा भिंगरीचा. छत्री सुताराच्या धाकटीची. ही धाकटी पोरगी भारी शिस्तीची. बोलायची कमी, पण सांगितलेलं काम जिवावर उदार होऊन करायची.

बिया रात्रभर पाण्यात होत्या. ताई, म्हणजे आबांची सून, पोरांना एकेक बी तळहातावर घ्यायला सांगत होती. "बघा, काल केवढी होती आणि आज केवढी झाली. साल कसं सुरकुतलंय?"

"आबांच्या हातासारखं," भिंगरी म्हणाली. पोरं हसली. आबांनी हात मागं घेतला.

ताईनं एक बी नखानं सोलली आणि अलगद दोन फाकी केल्या. मग भिंग काढून ती फाक एकेका पोराच्या डोळ्यांपुढे धरली. पोरं बघत होती आणि गप्प होत होती. वीस पोरं एकाच वेळी गप्प झालेली त्या घरानं कधी ऐकली नव्हती. शेवटी ती फाक आबांपुढे आली.

"मी काय बघायचं त्यात," ते म्हणाले. "जन्म गेला बियांत."

"बघा तरी."

आबांनी भिंग डोळ्याला लावलं. आधी नुसतं धुरकट दिसलं. मग सुनेनं त्यांचा हात धरून थोडा पुढं सरकवला, आणि त्या फाकेच्या कडेला आबांना दोन पानं दिसली. पानंच. तिळाएवढीसुद्धा नाहीत, एकमेकांवर घडी घातलेली, पांढुरकी, आणि त्यांच्यावर शिरा. शिरासुद्धा होत्या. खाली एक टोक, मूळ व्हायला निघालेलं.

आबांनी एवढ्या बिया पेरल्या, निवडल्या, शिजवून खाल्ल्या, चावून थुंकल्या. पान बाहेर आल्यावर तयार होत असेल अशीच त्यांची समजूत होती. ते आधीपासून आत बसलेलं असतं, शिरांसकट, घडी घालून, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही कधी उघडून पाहिलं नव्हतं. डब्यात भरलेल्या एकेका दाण्यात अशी दोन पानं होती. आणि आपण त्यांना ओलं कोंडलं. त्यांनी भिंग सुनेला परत दिलं.

"डोळ्यांत पाणी आलं का आबा?" एका पोरानं विचारलं.

"भिंगानं येतं," आबा म्हणाले.

मग पोरांनी पेल्यात आतून ओला टीपकागद लावला, मधे चिंध्या कोंबल्या आणि काच व कागद यांच्या मधे पाचपाच बिया सरकवल्या, बाहेरून दिसतील अशा. ताईनं सोललेल्या बीच्या जागी डब्यातून आणलेली एक किल्लीच्या पेल्यात गेली, आणि शंभर पुरे झाले. ओळीनं पेले खिडकीत लागले.

त्यानंतर आबांचा रोज सकाळी फेरा सुरू झाला. मुलगा म्हणे, "आबा, बांधाचं काम पडलंय." आबा म्हणत, "येतो," आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहत. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी माशाच्या पेल्यात एका बीचं साल फाटलं आणि पांढरं टोक बाहेर आलं. भिंगरी एवढी नाचली की दोन पेले पडता पडता वाचले. आबांनी गुडघे टेकले आणि डोळे काचेला लावले. टोक खाली वळलेलं होतं. संध्याकाळी ते नखाएवढं झालं. सकाळी बोटाच्या पेराएवढं, आणि त्याला कापसासारखी लव.

आबा पेरताना काय करायचे, तर बी टाकायचे, पायानं माती सारायचे आणि पुढं जायचे. मागं वळून बघायचे ते आठ दिवसांनी, हिरवं वर आल्यावर. मधल्या आठ दिवसांत मातीखाली काय चालतं, ते आयुष्यात पहिल्यांदा काचेतून दिसत होतं.

एका खोडकरानं सूर्याच्या पेल्यातली उगवलेली बी काढून बघितली आणि घाईघाईनं उलटी ठेवून दिली. मुळाचं टोक वर, आभाळाकडे. ताई ती सरळ करायला निघाली, तर आबा म्हणाले, "राहू दे. बघू काय करते." दुसऱ्या दिवशी ते मूळ अर्धं वळलं होतं. तिसऱ्या दिवशी ते पूर्ण वळसा घेऊन खाली चाललं होतं.

"तिला कोणी सांगितलं, खाली कुठेय ते?" भिंगरीनं विचारलं.

आबांनी सुनेकडे पाहिलं. सुनेनं आबांकडे पाहिलं.

"मला ठाऊक नाही गं," आबा म्हणाले. इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडलं, आणि काही बिघडलं नाही.

पण बाकीच्या पेल्यांत काय चाललं होतं, तेही काचेतूनच दिसत होतं. बी फुगायची, मग पिवळट व्हायची, मग साल सैल पडून बुळबुळीत. खिडकीपाशी वास यायला लागला. डब्यातला तोच वास. पोरं नाक धरून पेल्याजवळ जायची. सून पेले पुसायची, पाणी बदलायची. तिच्या लक्षात सगळं आलं होतं. चौथ्या दिवसापासून तिनं आबांशी बियांचा विषय काढणं बंद केलं होतं, आणि आबांना ते बोलण्यापेक्षा जास्त लागत होतं.

सातव्या दिवशी आबांनी मोजलं. शंभरांत चौदा.

त्याच दिवशी सुतार आला होता. बालवाडीच्या फळ्याचा पाय मोडला होता, तो ठोकायला. खिळे ओठांत धरून तो म्हणाला, "आबा, परवा येतो हो बी न्यायला. दोन वाफे तयार केलेत."

आबा हूं म्हणाले. तेवढ्यात सुताराची धाकटी आपला छत्रीचा पेला दोन्ही हातांनी धरून ताईपुढे आली. तिच्या पाचही बिया गळून गेल्या होत्या.

"ताई, माझ्या का नाही आल्या?" ती म्हणाली. "मी रोज पाणी घातलं. हातसुद्धा नाही लावला."

ताई पेल्याशी वाकली.

सुतारानं खिळे तोंडातून काढले. "बोटं घातली असशील. नाहीतर पाणी ओतलं असशील तांब्याभर. सगळ्यांच्या येतात, तुझ्याच कशा नाही येत?"

"नाही घातली," पोरगी म्हणाली. तिचा ओठ वाकडा झाला, पण ती रडली नाही. पेला तसाच धरून उभी राहिली आणि त्यात बघत राहिली, आपलं काय चुकलं ते शोधत.

आबांना हे पाहवेना. गप्प बसलं असतं तर गोष्ट मिटत होती. सुतार बी नेणार, पेरणार, उगवणार नाही, मग जमिनीला नाहीतर आभाळाला बोल लावणार. सगळी घरं तसंच करणार. आबांचा शब्द शाबूत राहणार होता. फक्त त्या पाच वर्षांच्या पोरीला वाटत राहणार होतं की आपल्या हातात काहीतरी वाईट आहे.

आबा खाली बसले, पोरांमधेच, जमिनीवर. तोंडात अंगठा घातला, कवळी काढली, वरची आणि खालची, आणि बुटक्या मेजावर ठेवली.

वीस पोरं थिजली. बी उगवली तेव्हाही त्यांचे डोळे एवढे मोठे झाले नव्हते. एकानं आपले दात हलवून बघितले.

"हे बघ," आबा त्या पोरीला म्हणाले. दात नसल्यानं शब्द फुसफुसत होते, गाल आत गेले होते. "हे दात खोटे आहेत. बी वाळलंय की नाही ते मी चावून बघतो. या दातांना ते कळत नाही. मला कळलं नाही, आणि कळलं नाही हे मी सांगितलं नाही. ओलं बी डब्यात कोंडलं. म्हणून मेलं. तुझं काही चुकलं नाही बाळ. तू पाणी बरोबर घातलंस."

पोरीनं पेल्यात पाहिलं, मग मेजावरच्या दातांकडे पाहिलं. "त्यांना का नाही कळत?"

"त्यांना मुळं नाहीत," आबा म्हणाले.

सुताराच्या हातातला हातोडा तसाच राहिला होता. "म्हणजे दोन्ही डबे?" त्यानं हळूच विचारलं.

"दोन्ही. शंभरांत चौदा जिवंत आहेत. तू दुसरं बियाणं बघ. बाकीच्यांनाही सांग, की आबांनी सांगितलं."

सुतारानं फळ्याचा पाय ठोकला, तो हलतो का पाहिलं, आणि जाताना पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला.

दुपारी शेतात जाऊन आबांनी मुलाला सांगितलं. तो बांधावर पाणी पीत होता. त्यानं तांब्या खाली ठेवला. "आबा, काढणीतच बोलला असता तर चार दिवस आणखी पसरलं असतं. एवढंच होतं."

"एवढंच होतं," आबा म्हणाले. यापेक्षा त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आता काय, मका टाकतो सगळ्या रानात. घेवडा संपला."

"चौदा जिवंत आहेत की," सून म्हणाली. ती भाकरीची टोपली घेऊन आली होती. "शंभरांत चौदा, तर दोन डब्यांत किती?"

"पण कुठले चौदा? तोंडावर लिहिलंय का त्यांच्या? सगळे पेरले तर वाफ्यात टक्कल पडेल."

"पेरायचे कशाला? आधी उगवू द्या. माझ्या पोरांनी उगवले तसे. गोणपाट ओलं करून पसरू, ज्याला मूळ फुटेल तोच वाफ्यात लावू."

मुलगा हसला. "हजारो दाणे? आणि वेचणार कोण? मूळ मोडलं की मेलं ते. माझी बोटं बघ केवढी आहेत."

"तुमची नाही," सून म्हणाली. "ज्यांच्या डोळ्यांपासून जमीन हातभर आहे, ते वेचतील."

मुलानं आबांकडे पाहिलं. आबांनी आईनंतर बियाण्याला बाईमाणसाचा सल्ला घेतला नव्हता, लेकरांचा तर सोडाच. ते म्हणाले, "गोणपाटं किती आहेत घरात?"

दुसऱ्या दिवसापासून बालवाडीचा गोठा झाला. खोलीभर ओली गोणपाटं, त्यांवर डब्यातले दाणे एकेरी पसरलेले, वर पुन्हा ओली फडकी. मुलगा पहाटे पाणी शेंदून देई, मग औताला जाई. आबा आणि सून फडकी उचलून मेलेले बुळबुळीत दाणे घमेल्यात काढत. कंबर मोडायची, हातांना तो आंबूस वास चिकटून बसायचा, साबणानं जायचा नाही. तिसऱ्या सकाळी पोरं आली, रांगत रांगत गोणपाटांवरून फिरली, आणि ओरडायला लागली.

"ताई, इथं एक."

"इथं पण."

"याचं शेपूट आलं."

त्यांना एकच नियम दिला होता: शेपटाला हात लावायचा नाही, बीला पोटाशी धरायचं. मोठ्यांना ते जमत नव्हतं. आबांनी प्रयत्न केला, तीन मुळं मोडली आणि चौथ्याला हात आवरला. पोरांचं बघून घ्यावं. नाक पुसायचं भान नाही, चड्डी सावरायचं भान नाही, पण चिमटीत धरलेली बी ताटातल्या ओल्या फडक्यावर ठेवेपर्यंत श्वास रोखलेला. सुताराची धाकटी सगळ्यांत सावकाश वेचायची आणि तिचं एकही मूळ मोडलं नाही. दुसऱ्या खेपेच्या दाण्यांना सुतार स्वतः येऊन बसला. जुन्या फळ्यांचे उथळ खोके करून आणले होते, फडकी अंथरून बिया न्यायला.

खेपा चालल्या तोवर पेरणी टळत आली. मुलानं बाकी रानात मका टाकला आणि विहिरीजवळचे सहा वाफे राखले. पोरांची वरात वाफ्यांवर गेली. आबांनी बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत खुपसून दाखवलं. एक भोक, एक बी, वरून माती, थापटायचं नाही.

"मूळ खालीच गेलं पाहिजे," आबा भिंगरीला म्हणाले. "नीट ठेव."

"कसंही ठेवा आबा," ती म्हणाली. "तिला कळतं."

आबांनी हातातली बी आडवी ठेवली आणि माती ओढली.

पाचव्या दिवशी सकाळी उठून ते एकटेच वाफ्यावर गेले. माती जागोजाग उचललेली होती, आतून कोणी पाठीनं ढकलत असावं तशी. ते आधी ओणवे झाले, मग गुडघ्यांवर बसले, मग सरळ पोटावर पालथे पडले, गाल मातीला लावून. ढेकूळ थोडं हललं. खरंच हललं. त्याखालून एक फिकट मान वाकून बाहेर येत होती, डोकं अजून मातीत अडकलेलं. ऊन वर चढलं. मान ताणली, आणि डोकं एकदाचं सुटलं: बीच्या दोन फाकी, आणि मधे ती दोन पानं, शिरांची, घडी घातलेली, भिंगातून पाहिलेली. ती उलगडायला लागली. आजूबाजूला सहा वाफे भरून असंच चाललं होतं, आणि कुठेही काडीचा आवाज नव्हता.

मुलगा औत घेऊन निघाला होता. बापाला मातीत पालथं पडलेलं पाहून तो बैल सोडून धावत आला. "आबा, काय झालं?"

"खाली ये," आबा म्हणाले. "इथं. गप्प पड."

मुलगा क्षणभर उभा राहिला. मग तोही त्यांच्या शेजारी आडवा झाला.

घेवडा आला. सहाच वाफ्यांचा, पण शेंगा लगडल्या. त्यातली एकही शेंग कोणी भाजीला तोडली नाही. वाळल्या, झोडपल्या, पाखडल्या, आणि अंगणात चटईवर ठिपक्यांचा ढीग झाला. एकच डबा भरेल एवढा. सुताराला पुढच्या पेरणीला त्यातला वाटा ठरलेला होता. ऊन चांगलं होतं, पण पश्चिमेला आभाळ धरत होतं. मुलगा डबा घेऊन उभा राहिला, सून चाळण घेऊन. सगळे आबांकडे बघत होते.

आबांनी ढिगात कोपरापर्यंत हात घातला. दाणे काढले, पण तोंडात घातले नाहीत. बालवाडीच्या दाराकडे वळून त्यांनी हाक मारली, आणि वीस पोरं अंगणात आली. एकेकाच्या तळहातावर त्यांनी एकेक दाणा ठेवला.

"मागच्या दातानं. हळू. गिळायचं नाही, थुंकायचं."

मग ते मधे बसले, मान खाली घातली आणि ऐकू लागले. कट्. कट्. इकडून कट्, तिकडून कट्. भिंगरीचा पुढचा दात पडला होता, पण दाढा शाबूत होत्या. कट्. आबांच्या ओठांवर हसू यायला लागलं. मुलानं डब्याचं झाकण काढलं.

सुताराची धाकटी शेवटची होती. तिनं दाणा तोंडातून काढला, बोटांत फिरवून पाहिला आणि आबांपुढे धरला. त्यावर दाताचा बारीकसा वण होता.

"माझा वाकला," ती म्हणाली. मग सगळ्यांकडे पाहून तिनं विचारलं, "माझंच चुकलं का?"

एकोणीस दाणे एका बाजूला होते. आभाळ भरत होतं. मुलानं बापाकडे पाहिलं.

आबांनी तो दाणा तिच्या हातातून घेतला आणि वणावरून अंगठा फिरवला.

"नाही बाळ," ते म्हणाले. "तुझं बरोबर आहे."

मग त्यांनी मुलाकडे वळून पाहिलं. "झाकण लाव. ओसरीत आडोशाला चटई घ्या आणि पसरा."